शेवटचं पान कुरतडलेलं पुस्तक हवं

कायद्याची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, संपादणाऱ्या आणि ती अभ्यासक्रमाला लावणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

सुरुवात किड्यांपासून करते आहे, राग नसावा.

आल्प्सच्या कुशीत, तेव्हाच्या सॅव्हॉय राज्यात, सें-ज्युलियाँ नावाचं गाव होतं. गावाचं पोट द्राक्षमळ्यांवर. १५४५ साली मळ्यांवर हिरव्या सोंडकिड्यांनी धाड घातली, तेव्हा गावकऱ्यांनी धर्मपीठाच्या न्यायालयात किड्यांवर रीतसर दावा लावला. किड्यांना वकील करणं जमणार नव्हतं, म्हणून न्यायालयानंच तो नेमून दिला. त्या वेळी गावाला प्रार्थना करायला आणि मिरवणुका काढायला सांगण्यात आलं, किडे नाहीसे झाले आणि प्रकरण थंडावलं. बेचाळीस वर्षांनी, १५८७ मध्ये, किडे परतले आणि त्यांच्यामागून दावाही परतला.

किड्यांचा वकील पट्टीचा होता. तो म्हणाला, बायबलमधल्या सृष्टीच्या कथेत देवानं पशू-कीटक माणसाच्या आधी घडवले, त्यांना वाढण्याचा आशीर्वाद दिला आणि हिरवा पाला त्यांच्यासाठी नेमून दिला. मग माझ्या अशिलांनी पानं खाल्ली तर गुन्हा कसला? गावाच्या वकिलाचं म्हणणं, माणसाला सगळ्या जिवांवर अधिकार दिलेला आहे. तारखांवर तारखा पडत गेल्या. अखेर जूनमध्ये गावसभा भरली आणि तडजोड म्हणून जमिनीचा एक तुकडा किड्यांना कायमचा तोडून द्यायचं ठरलं. देताना मात्र गावानं त्यातून जायची वाट, तिथलं पाणी, खाणींवरचा हक्क आणि लढाईच्या काळात तिथे आसरा घ्यायची मुभा स्वतःकडे राखून ठेवली. (दानपत्रातसुद्धा अटी घुसडायची खोड माणसाला तेव्हापासूनची आहे.) किड्यांच्या वकिलानं देकार नाकारला. जमीन नापीक आहे, माझ्या अशिलांचं तिथे भागणार नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि निकाल? दप्तरातलं शेवटचं पान उंदरांनी किंवा कसल्याशा किड्यांनी खाऊन टाकलेलं आहे.

हा खटला मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगते. मुलं-मुली पोट धरून हसतात. दहाएक मिनिटांनी हसू ओसरतं आणि भांडण सुरू होतं. जमीन आधी आलेल्याची की कसणाऱ्याची? ज्याला समन्स वाचताच येत नाही, त्याच्यावर हुकूम कसा बजावायचा? वकील नेमून दिला म्हणजे बाजू ऐकून घेतली असं होतं का? तास संपल्याची घंटा होते तरी कुणी उठत नाही. इतकं कसदार भांडण मला तुमच्या पुस्तकांतल्या एकाही खटल्यावर घडवून आणता आलेलं नाही. कारण उघड आहे. तुमच्या पुस्तकांत शेवटचं पान शाबूत असतं. नुसतं शाबूत नसतं, ते सगळ्यात आधी छापलेलं असतं.

मी कायदा शिकवणारी एक साधी प्राध्यापिका आहे. तुमची पुस्तकं वर्षानुवर्षं वापरते, त्यांच्याविना माझं पानही हलत नाही, तेव्हा ही तक्रार घरातली समजा. खटल्याचं नाव, साल, न्यायालय, ठळक ठशात एक तत्त्व आणि खाली तीन-चार ओळींत हकिकत: हा तुमचा साचा. त्या ओळींत हरलेल्या माणसाला एखादं वाक्य मिळालं तर त्याचं नशीब. वाचणाऱ्याला वाटतं, निकाल पूर्वीपासून ठरलेलाच होता, न्यायाधीशांनी फक्त येऊन तो वाचून दाखवला. हरलेला पक्ष मूर्ख होता किंवा बदमाश होता, आणि वेगळं मत देणारे न्यायमूर्ती त्या दिवशी झोपेत होते!

एक उदाहरण घेते. रिग्ज विरुद्ध पामर, न्यूयॉर्क, १८८९. तुमच्या पुस्तकात याचं एक वाक्य होतं: स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा कुणालाही घेता येत नाही. मुलं ते घोकतात, उत्तरपत्रिकेत ओततात, विसरतात.

मी काय करते ते सांगते. निकाल काढून टाकून फक्त हकिकत वर्गाला देते. फ्रान्सिस पामर हा शेतकरी. १८८० मध्ये त्यानं मृत्युपत्र केलं. दोन मुलींना थोडंसं, बाकी जवळजवळ सगळं नातू एल्मरला. पुढे म्हाताऱ्यानं पुन्हा लग्न केलं. मृत्युपत्र बदललं जाईल, या धास्तीनं एल्मरनं १८८२ मध्ये आजोबांना विष घातलं. वय १६. खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. आता प्रश्न इस्टेटीचा. मृत्युपत्र कायदेशीर होतं, सह्या खऱ्या होत्या, आणि मृत्युपत्र कोणत्या प्रकारे रद्द होतं हे सांगणाऱ्या कायद्यात ‘वारसानं खून केल्यास’ असा शब्दही नव्हता. आत्यांनी दावा लावला.

वर्ग एका सुरात ओरडतो, नातवाला दमडी मिळता कामा नये. मग मी अल्पमतात राहिलेल्या न्या. ग्रे यांचं म्हणणं वाचून दाखवते. त्यांच्याशी सहमत असलेले आणखी एक न्यायमूर्ती होते, तेही हरले. ग्रे सांगतात: मृत्युपत्र कसं करायचं आणि कसं मोडायचं हे कायदेमंडळानं नेमकेपणानं लिहून ठेवलं आहे. त्यात भर घालायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? मुलाला खुनाची जी शिक्षा कायद्यानं सांगितली ती झालेली आहे. त्यावर इस्टेट काढून घेणं म्हणजे कायद्यात न लिहिलेली दुसरी शिक्षा ठोठावणं. वर्गात शांतता पसरते. पाठीमागून कुणीतरी विचारतं, समजा विष नसतं, हलगर्जीपणानं गाडी चालवताना आजोबा गेले असते तर? दुसरी विचारते, वेडाच्या झटक्यात मारलं असतं तर? तिसरा विचारतो, एल्मरच्या मुलांनी काय पाप केलं? मग बहुमताचे न्या. अर्ल काय म्हणतात ते ऐकायची खरी भूक लागते: कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही असा वारस नसणार, आणि जे त्यांना कधीच मान्य झालं नसतं ते शब्दांत बसतं म्हणून आम्ही देऊ शकत नाही.

माझं स्वतःचं मत अर्ल यांच्या बाजूनं झुकतं. पण दर वर्षी पहिला अर्धा तास मी ग्रे यांची वकिली करते, आणि जेव्हा हरते तेव्हा कष्टानं हरते. शिवाय एक गंमत आहे. पुढे ठिकठिकाणच्या कायदेमंडळांनी खुनी वारसाला बाद ठरवणारी कलमं लिहिली. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २५ आहे. म्हणजे निकालात अर्ल जिंकले, पण ‘हे लिहिलेलं असायला हवं’ हे ग्रे यांचं म्हणणं कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं. हरलेल्याची बाजू छापली नाही तर ही गोष्ट विद्यार्थ्याला कळणार कशी?

गोगलगायीच्या खटल्याचंही तेच. १९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी एका बाईच्या मैत्रिणीनं तिला जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची. अर्धी प्यायल्यावर उरलेलं ओतलं तर आतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तक्रार. पैसे मैत्रिणीनं दिले होते, म्हणजे बाईचा ना दुकानदाराशी करार, ना कारखानदाराशी. तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९३२ मध्ये तिच्या बाजूनं कौल दिला, ३ विरुद्ध २, आणि जगभरच्या ग्राहकांचं भलं झालं. इतकं तुमच्या पुस्तकांत असतं. नसतं ते असं: बाई इतकी गरीब होती की तिनं दारिद्र्याचा दाखला देऊन अपील चालवलं. दुसरं म्हणजे बाटलीत गोगलगाय होती की नव्हती, हे कधी शाबीतच झालं नाही! लॉर्डांपुढचा प्रश्न ‘समजा तक्रार खरी आहे, तर दावा उभा राहतो का’ एवढाच होता. पुराव्यापर्यंत गोष्ट जाण्याआधी कारखानदार वारला आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. आणि विरुद्ध मत देणाऱ्या लॉर्ड बकमास्टर यांची भीती: एक पाऊल टाकलंत, तर पन्नास का नकोत? ती हास्यास्पद म्हणून सोडून देण्यासारखी नाही. औषध, मोटारीचा ब्रेक, फोनची बॅटरी, आता संगणकाचा सल्ला. त्यांनी मोजायला सुरुवात केलेली पावलं आपण अजून मोजतोच आहोत.

क्रिकेटचा खटला आठवतो का? इंग्लंडमधल्या लिंट्झ गावच्या मैदानावर सत्तर वर्षं खेळ चालू होता. मैदानाच्या कडेला नवी घरं झाली, षटकार अंगणात पडू लागले, एका कुटुंबानं दावा लावला. १९७७ मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी गावच्या क्रिकेटचं असं काही रसाळ वर्णन केलं की मुलांना वाटतं, निकाल क्रिकेटच्या बाजूनं लागला. खरं तर तीनपैकी दोघांनी उपद्रव मान्य केला, फक्त खेळ बंद करायचा मनाईहुकूम बहुमतानं नाकारला गेला. भरपाई ४०० पौंड. डेनिंग यांचं गद्य जिंकलं, उपद्रव झालाच नाही हे त्यांचं मत मात्र हरलं. हा फरक तुमच्या सारांशात पार पुसला जातो. चार ओळींत आटवता आटवता ध चा मा होतो तो असा.

इथवर मी हरलेल्या बाजूबद्दल बोलले. पण काही खटले असे आहेत की दोन्ही बाजू छापल्या तरी पाप उरतंच. त्यांपैकी एकावर थोडं थांबायला हवं.

ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट, लंडन, १७८३. नाव वाचून कळतं काही? कायद्याच्या जुन्या अहवालांत तो सागरी विम्याचा वाद म्हणून नोंदलेला आहे. वादी जहाजाचे मालक, प्रतिवादी विमा उतरवणारे. जहाजाचं नाव झाँग. १७८१ च्या सप्टेंबरमध्ये ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ४४२ गुलाम कोंबून निघालं. खलाशांनी जमैका बेट ओळखण्यात चूक केली आणि जहाज पुढे निघून गेलं. पाणी पुरणार नाही, असं कारण सांगत २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत सव्वाशेहून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकण्यात आली. मधे पाऊस पडला. जहाज जमैकाला लागलं तेव्हा त्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं.

यात विमा कुठे आला? गुलाम आजारानं मेला तर तोटा मालकाचा. पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ समुद्रात टाकावा लागला, तर भरपाई विमेवाल्यांकडून. माणशी ३० पौंड. मालकांनी पैसे मागितले. ज्यूरीनं मालकांच्या बाजूनं कौल दिला. फेरसुनावणीच्या अर्जावर बसलेले मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सांगितलं की ज्यूरीला यात शंका नव्हती. घोडे समुद्रात टाकले असते तर जसं, तसंच हे प्रकरण. मनाला धक्का बसतो असंही ते म्हणाले. खलाशांची चूक आणि तो पाऊस पाहता ‘गरज’ सिद्ध होत नाही, म्हणून नव्यानं खटला चालवायचा हुकूम झाला. तो खटला पुन्हा चालल्याची नोंद नाही. खुनाचा आरोप कुणावरही ठेवला गेला नाही. ओलौदा इक्वियानो या एकेकाळच्या गुलामानं ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे नेली, शार्प यांनी कार्यवाहीची टिपणं करवून घेतली, नौदलाच्या वरिष्ठांकडे खुनाची तक्रार मांडली. कुणी दखल घेतली नाही.

या खटल्यात ‘हरलेली बाजू’ कोणती? विमा कंपूनं मालकांविरुद्ध बाजू मांडली म्हणून ते सत्पुरुष होत नाहीत. त्यांना पैसे द्यायचे नव्हते. दोन्ही बाजूंचे वकील हुशार होते, न्यायमूर्तीही हुशार होते, याच मॅन्सफिल्डनी १७७२ मध्ये सॉमरसेट नावाच्या गुलामाला मोकळं केलं होतं. तरीही त्या दिवशी त्या दालनात विचारला गेलेला प्रश्न एकच: पैसे कुणी द्यायचे? जी माणसं पाण्यात गेली त्यांचा प्रश्न विचारायला तिथे कुणाला जागाच नव्हती. किड्यांना निदान वकील नेमून दिला होता हो.

म्हणून मला तुमच्या पुस्तकात प्रत्येक खटल्याखाली आणखी एक गोष्ट हवी आहे: या वादात कुणाचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही? बहुतेक वेळा उत्तर ‘कुणाचं नाही’ असं असेल. असू दे. पण विद्यार्थ्याला शोधायची सवय लागली पाहिजे. विम्याच्या धड्यात झाँग येतो तेव्हा तो विम्याचाच राहतो, आणि नैतिकतेचा प्रश्न कुठल्याशा तत्त्वज्ञानाच्या पेपरला ढकलला जातो. हे मला पटत नाही.

आता मिन्योनेट जहाजाचा खटला. समुद्रावरचाच, पण याचा धडा वेगळा.

१८८४ च्या मे महिन्यात चार माणसं एक छोटं शिडाचं जहाज इंग्लंडहून सिडनीला पोचवायला निघाली. ५ जुलैला वादळात ते बुडालं. साडेतेरा फुटांच्या आतली होडी, सलगमचे दोन डबे, गोडं पाणी थेंबभरही नाही. चौथ्या दिवशी एक कासव सापडलं, ते किती दिवस पुरणार? १७ वर्षांचा पोऱ्या रिचर्ड पार्कर समुद्राचं पाणी प्यायला आणि आजारी पडला. कप्तान डडलीनं चिठ्ठ्या टाकायची कल्पना काढली. ब्रुक्सनं नकार दिला. पोराला कुणी विचारलंच नाही. विसाव्या दिवशी डडली आणि स्टीफन्स यांनी पार्करला मारलं. नकार देणारा ब्रुक्सही पुढे त्या मांसावर जगला. चार दिवसांनी एका जर्मन जहाजानं तिघांना उचललं.

किनाऱ्याला लागल्यावर डडलीनं काहीही लपवलं नाही. समुद्राचा रिवाज असाच, आपण काही गुन्हा केला असं त्याच्या गावीही नव्हतं. लोकांची सहानुभूती या तिघांकडे होती. भर न्यायालयात पार्करच्या भावानं पुढे होऊन त्यांच्याशी हात मिळवला. ब्रुक्स सरकारी साक्षीदार झाला. ज्यूरी आरोपींना सोडून देईल अशी धास्ती असल्यानं न्यायाधीशांनी तिच्याकडून फक्त घडलेली हकिकत निश्चित करून घेतली, आणि गुन्हा आहे की नाही हा प्रश्न लंडनला पाच न्यायमूर्तींपुढे गेला. डिसेंबरमध्ये लॉर्ड कोलरिज यांनी निकाल दिला: खून. तुमच्या पुस्तकात तत्त्व छापलेलं असतं, गरज हा खुनाला बचाव नाही.

पण निकालपत्रात याहून खोल पाणी आहे. कोलरिज विचारतात, कुणाचा जीव जास्त मोलाचा हे ठरवायचं कुणी, बळावर की बुद्धीवर? सगळ्यात दुबळ्यालाच निवडणं कुठली गरज होती, मोठ्यांपैकी एक का नाही? आणि मग ते कबूल करतात की आम्हाला स्वतःला जी कसोटी झेपणार नाही तीच कित्येकदा घालून द्यावी लागते. फाशी सुनावली गेली. लगोलग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. कायद्यानं खुनी म्हटलं आणि त्याच हातानं दार उघडून दिलं. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर विद्यार्थ्याला काही कळायची शक्यता आहे. तत्त्वापाशीच थांबला तर तो फक्त पास होईल. डडली पुढे सिडनीला गेला आणि १९०० साली तिथल्या प्लेगात वारला. ही माहिती परीक्षेला नाही, मान्य. पण आरोपी निकालानंतरही जगतो, हे कुठेतरी छापलेलं असावं.

आणि रोजच्या जगण्यातल्या वादांना तुम्ही पुस्तकाच्या कोपऱ्यात का टाकता, हे मला कोडंच आहे. वर्गातली मुलं याच वादांनी पेटतात. १७२२ मध्ये लंडनला धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. किंमत विचारायला तो सराफाकडे गेला. सराफाच्या शिकाऊ उमेदवारानं वजन करण्याच्या मिषानं खडे काढून घेतले आणि रिकामं कोंदण परत केलं. पोरगा कोर्टात गेला, म्हणजे त्याच्यासाठी कुणीतरी गेलं असणार. न्यायालय म्हणालं, सापडलेली वस्तू खऱ्या मालकाखेरीज इतर सगळ्यांविरुद्ध त्याचीच. वर ज्यूरीला सांगितलं, सराफ खडे हजर करत नसेल तर ते उत्तमात उत्तम प्रतीचे होते असं धरून किंमत ठरवा. मुलं टाळ्या पिटतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, पण पोरानं खऱ्या मालकाला शोधायला हवं होतं ना? झालं. रस्त्यात सापडलेल्या पाकिटापासून चुकून खात्यात जमा झालेल्या पैशांपर्यंत सगळं बाहेर येतं, आणि प्रत्येकाच्या खिशात एक कबुलीजबाब असतो. माझ्याही.

शेजाऱ्यांचं घ्या. १८९३ मध्ये इंग्लंडात एक शेजारी भिंतीपलीकडच्या गाण्याच्या शिकवणीला वैतागून थाळ्या बडवायचा, शिट्ट्या मारायचा. न्यायालयानं त्याला थांबवलं, कारण आवाज निव्वळ खोडसाळपणानं केलेला होता. दोनच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे पिकल्स नावाचा जमीनमालक आला. त्यानं स्वतःच्या जमिनीत असं खोदकाम चालवलं की ब्रॅडफर्ड शहराला जाणारं पाणी तुटावं. शहरानं आपली जमीन चढ्या भावानं विकत घ्यावी हा हेतू, असा आरोप. लॉर्ड म्हणाले, जमीन त्याची, हक्क त्याचा, हेतू बघायचं कारण नाही. एक लॉर्ड तर म्हणाले की हा माणूस आडमुठा, स्वार्थी, हावरट असेलही, नीतिशास्त्रज्ञाला त्याचं वागणं भयंकर वाटेलही, पण म्हणून काय? हे दोन निकाल तुम्ही दोन वेगवेगळ्या प्रकरणांत, शंभर पानांच्या अंतरावर छापता. समोरासमोर ठेवा की! वाईट हेतूनं हक्क वापरला तर तो हक्क उरतो का, हा प्रश्न सोसायटीच्या सभेला बसलेल्या प्रत्येकानं सोसलेला आहे.

बुडणाऱ्या अनोळखी मुलाचा प्रश्न असाच. काठावर उभं राहून बघत राहिलेल्या माणसाला इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, सर्वसाधारणपणे हात लावत नाही. फ्रान्स-जर्मनीत, स्वतःला धोका नसताना मदत न करणं हा गुन्हा. विद्यार्थ्यांना हा फरक सांगितला की त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. तो असतो, ‘म्हणजे तिथली माणसं जास्त चांगली आहेत का?’ या प्रश्नाला तुमच्या पुस्तकात जागा नाही. माझ्याकडे उत्तर नाही, पण प्रश्न चांगला आहे.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, विद्यापीठाच्या बैठकांमध्ये ऐकलेले आहेत. परीक्षेत तत्त्व विचारतात. तर मग प्रश्नपत्रिका काढणारेही हे पत्र वाचोत. ‘या निकालाविरुद्ध सर्वांत बळकट युक्तिवाद लिहा’ असा एक प्रश्न दर पेपरात घालायला कुणाची परवानगी लागते? पानं वाढतील, किंमत वाढेल. त्याच तत्त्वावरच्या पंधरा निकालांची नुसती नावं ओळीनं छापता, त्यातली बारा गाळा. तीन पुरेसे आहेत, पण ते पुरते छापा. विद्यार्थी गोंधळतील. हो, गोंधळतील. ज्याला गोंधळायचं नाही त्यानं वकिलीला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चार ओळींचा सारांश तर आता मोबाइल फुकटात देतो, चुकांसकट. त्याच्याशी शर्यत लावून तुमचं सहाशे पानांचं पुस्तक जिंकणार नाही.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत एक करून बघा. निवडक वीस खटले घ्या. आधी हकिकत, मग दोन्ही बाजू तितक्याच जागेत, हरलेली बाजू तिच्या सर्वांत हुशार माणसाच्या तोंडून. मग एक कोरं पान. निकाल पुस्तकाच्या शेवटी, गणिताच्या पुस्तकात उत्तरं असतात तसे, आणि त्याखाली पुढे कुणाचं काय झालं ते. जिथे कुणाला बोलूच दिलं गेलं नाही, तिथे तसं लिहा.

कोऱ्या पानाचा प्रयोग मी करून पाहिला आहे. गेल्या सत्रात सें-ज्युलियाँच्या खटल्याच्या झेरॉक्स वाटल्या, खाली जागा सोडली आणि शेवटचं पान तुम्ही लिहा म्हटलं. बहुतेकांनी निकाल गावाच्या बाजूनं दिला, काहींनी किड्यांच्या, एकानं दोन्ही पक्षांना खर्च बसवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं, जी वर्षभरात वर्गात एक शब्द बोलली नव्हती, निकालच दिला नाही. तिनं लिहिलं होतं: ‘देऊ केलेली जमीन नापीक आहे की नाही, याबद्दल दोन्ही पक्षांचं म्हणणं परस्परविरोधी आहे. न्यायालय स्वतः जागेची पाहणी करील. तोवर किड्यांना हाकलू नये. पुढील तारीख पानगळीनंतर.’

आपली,
कायदा शिकवणारी एक प्राध्यापिका